पोरगी घाबरते म्हणून

चष्मेवाल्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, आरसा आणि फ्रेमांचं कपाट, आणि मागे तावदानाआड त्यांच्या लेकीचं काच घासायचं चाक. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवून "अशी बरी दिसते की ती आधीची?" विचारायचं काम बापाचं. काच घासून त्या फ्रेममध्ये बसवायचं लेकीचं. बायको गेल्यापासून दोघं दिवसभर एकाच छपराखाली असत आणि चाकाच्या घरघरीत कामापुरतंच बोलत.

बाबांचं बीपी वाढलं तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांच्या मोबाइलवर एक ॲप घालून दिलं. रोज बीपी मोजायचं, ॲपला सांगायचं, ते विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. आवाज फक्त आपण निवडायचा होता, डॉक्टरांचा किंवा घरातल्यासारख्या मुलीचा. लेकीनं मुलीचा निवडला. डॉक्टर म्हटलं की बाबा मागच्या दारानं पळ काढतात, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"यंत्राशी काय बोलायचं?" बाबा कुरकुरले. "उद्या कपाटाशी गप्पा मारायला लावशील."

पण ॲपमधली पोरगी गोड होती.

"काका, आज फिरायला गेलात ना?"

"बागेपर्यंत गेलो. गुडघा बोंब मारतोय."

"मारू दे. उद्या आपण हळू जाऊ."

'आपण' म्हणे! तावदानाआड लेकीला हसू आवरेना. पण बाबा खरंच चालायला लागले. खणातले खारे दाणे त्यांनी आपणहून शेजारच्या चांभाराला देऊन टाकले. लेक वर्षभर त्याच दाण्यांवरून घसा कोरडा करत होती, तेव्हा या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं होतं. तिला बरं वाटलं आणि थोडं झोंबलंही.

मग एकदा बीपीचा आकडा बराच वर गेला. पोरगी म्हणाली, "अगं बाई! काका, मला फार काळजी वाटतेय हो. जिवाला घोर लावलात माझ्या."

बाबांचा चेहरा असा उतरला, जणू गिऱ्हाइकाचा चष्मा त्यांच्या हातून फुटला होता. त्यानंतर मात्र आकडे चांगले येत गेले. लेकीचा जीव भांड्यात पडला.

एका सकाळी एक शिक्षिका चष्मा न्यायला आल्या. त्यांच्या चष्म्याची कानामागची काडी वाकवता वाकवता बाबा काउंटरवर कलंडले आणि तिथून खाली घसरले. चष्मा तेवढा त्यांनी हातात वर धरून ठेवला होता. शिक्षिका ओरडल्या, चाक थांबलं, लेक धावत आली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर कधीपासून येतेय?"

"येते अधूनमधून. बरेच दिवस झाले."

"असं कसं?" लेक म्हणाली. "ॲपवर तर सगळं ठीक आहे!"

डॉक्टर गोळी बदलून गेले, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "तिला कसं सांगणार? घाबरते ती."

"कोण घाबरते?"

"पोरगी."

"बाबा, ते यंत्र आहे!"

"माहीत आहे मला. एवढा काही खुळा झालो नाही."

"मग?"

"तेच तर मलाही कळत नाही," बाबा म्हणाले. "यंत्र आहे हे डोक्याला पटतं. पण ती 'काका, बरं आहे ना?' म्हणाली की तोंडातून 'बरं आहे' एवढंच निघतं."

लेकीला रागवावं की रडावं कळेना. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "मी विचारलं असतं तर मला सांगितलं असतंत?"

"तुला तर मुळीच नाही," बाबा चटकन म्हणाले.

हे ऐकून तिनं नेमकं काय समजायचं? माया म्हणायची की परकेपणा? विचारायला ती ओठ उघडणार, तोवर ते डोळे मिटून पडले होते.

घरी आल्यावर तिनं आवाज बदलला. आता डॉक्टर बोलू लागले. "आपलं आजचं बीपी सांगा. चक्कर, धाप, डोकेदुखी?" बाबांनी चक्कर सांगितली, धाप सांगितली, न विचारलेली छातीतली जळजळही सांगून टाकली. पोलिसात जबानी द्यावी तसं खरं खरं. आणि तेवढं झालं की मोबाइल पालथा ठेवून दिला. फिरणं बंद झालं. चांभाराकडे दाणे परत मागायला गेले, ते त्याच्या पोटात केव्हाच गेले होते.

"चालायला का जात नाही?" लेकीनं विचारलं.

"येऊन सांगू कुणाला? त्या डॉक्टरला?" मग म्हणाले, "त्या पोरीला तू एकदम बंद केलंस. काय वाटलं असेल तिला?"

लेक दवाखान्यात गेली. नर्सबाईंनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "काही जण डॉक्टरांच्या आवाजाला भिऊन खोटं बोलतात आणि काही जण पोरीला जपायला खोटं बोलतात. कुणाला कोणता आवाज द्यावा, आमचंच डोकं चालेनासं झालंय. पोरीनं घाबरायचं कमी करावं, एवढं कळवते मी कंपनीला."

त्यांनी खरंच कळवलं असावं. काही आठवड्यांनी बाबांनी लेकीला न विचारता पोरीचा आवाज पुन्हा लावला. चाक बंद होतं म्हणून लेकीला सगळं ऐकू आलं.

"हे बघ, आज जरा चक्कर आली. पण तू घाबरू नकोस हं."

"नाही घाबरत, काका. आधी खाली बसा. बीपी मोजून मला सांगा."

बाबा बसले. मोबाइल हलवून बघितला. मग तावदानावर टकटक केलं.

"ही बिघडली वाटतं," ते म्हणाले. "चक्कर आली सांगितलं, तर हिला काहीच नाही वाटलं!"

"बाबा, चक्कर आली?"

"आली थोडी. पण हिचं बघ ना, कशी कोरडी बोलते..."

लेकीनं बीपीचं मशीन आणून त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. घाईत तो उलटाच बसला, तिनं सोडून पुन्हा गुंडाळला. बाबांच्या ते लक्षात आलं. नंबर तपासताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत, तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

"तुला काळजी वाटतेय?"

"वाटतेय."

"फार?"

"फार."

"बघ, म्हणूनच सांगत नव्हतो," बाबा म्हणाले. पण हात काही त्यांनी काढून घेतला नाही. पट्टा फुगत गेला. ते चिडलेत की सुखावलेत, हे काही तिला कळेना. त्यांनाही ते कळत असेल असं वाटलं नाही. मोबाइलमधून पोरगी शांतपणे विचारत होती, "काका, आकडा किती आला?"

"थांब गं जरा," बाबा म्हणाले. "घरचं माणूस मोजतंय."