काकूंची बस

सांगलीकर मंडळींना उत्साह फार. पाच जण सायकली घेऊन मद्रासहून निघाले होते, किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट कन्याकुमारी गाठायची म्हणून, आणि मध्येच वाट वाकडी करून तंजावूरला आले ते सरस्वती महाल हे जुनं ग्रंथालय पाहायला. राजवाड्यामागच्या गल्लीत नळावर दोन बायका मराठीत भांडताना ऐकल्या आणि यांचे पाय जमिनीवर राहीनात. इतक्या लांब आपली भाषा! ज्याला त्याला अडवून बोलायला लागले. त्या धांदलीत त्यांना सूर्यनारायणराव सापडले.

सापडले म्हणजे अखिलानं त्यांना पुढे केलं. अखिला त्यांची मुलगी, बँकेत नोकरीला. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची वेळ आली की ती इंग्रजीत शिरायची. आमचे अप्पा पीडब्ल्यूडीत नकाशे काढायचे, नागपट्टणमपासून कोडियाकरैपर्यंतचा किनारा त्यांना पाठ आहे, तीन दिवस वाट दाखवायला येतील, असं तिनं इंग्रजीतच सांगून टाकलं. अप्पांना विचारलंसुद्धा नाही. तिचंही चुकीचं नव्हतं म्हणा. आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. स्मशानात नाही, तेराव्याला नाही. वेळेवर जेवायचे, वेळेवर पेपर वाचायचे, विचारलं तर बरं आहे म्हणायचे. एकटे असताना तरी रडतात का, हे ती दाराआड उभी राहून ऐकायची. आई तर गेलीच, आता अप्पाही असेच घरात बसल्याबसल्या जातील, या भीतीनं तिला झोप येत नसे.

रावांनी सायकल पुसली, हवा भरली आणि निघाले. जा म्हटलं म्हणून निघाले. राहा म्हटलं असतं तर राहिले असते.

तिरुवारूरच्या अलीकडे चहाला थांबल्यावर इंदूताई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. इंदूताई म्हणजे या टोळीच्या पुढारी, सांगलीच्या एका शाळेत शिक्षिका, पन्नाशीच्या, डोक्याला रुमाल आणि तोंडाला विसावा नाही.

“काकूंना का नाही आणलंत?”

इथं भाषेनं घोळ घातला. माणूस मेला असं रावांच्या घरात कधी कुणी म्हणत नसे. तमिळ लोक ‘तवरिट्टांग’ म्हणतात, म्हणजे चुकले, निसटले. त्याच वळणावर रावांच्या घरात ‘चुकला’ म्हणायची रीत पडली होती. आजोबा चुकले. शेजारची शेषम्मा चुकली. त्याचा अर्थ कुणाला कधी सांगावा लागला नव्हता.

“ती चुकली,” राव म्हणाले.

“अगंबाई! केव्हा?”

“पहांटे.”

“पाहिलंत?” इंदूताई बाकीच्यांकडे वळल्या. “काकूही येणार होत्या. पहाटेची बस चुकली त्यांची.” मग रावांना म्हणाल्या, “अहो, त्यात एवढं तोंड काय पाडायचं? मागच्या बसनं येतील. भेटतील नागपट्टणमला.”

खोटं बोलावं असं रावांच्या मनातही नव्हतं. पण समजावून सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगायला हवं, आणि तेवढं त्राण अंगात नव्हतं. शिवाय तीन महिन्यांत पहिल्यांदाच बायकोचा, वेंकूबाईचा विषय निघाल्यावर समोरच्यानं चेहरा लांब केला नव्हता. “हूं,” ते म्हणाले, “येईल.”

नागपट्टणमला समुद्र दिसला तसे सांगलीकर सायकली टाकून वाळूत पळाले. कृष्णेकाठची माणसं, त्यांना लाटांचं कोण अप्रूप! रावांनी पाचही सायकली एकेक करून उचलून नारळाला टेकवल्या आणि सावलीत उभे राहिले. समोर एवढा मोठा समुद्र चमकत होता. चमकतो आहे, हे त्यांना दिसत होतं. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी वेळांकण्णी ओलांडून ते दक्षिणेला वळले. डावीकडे सुरूची बनं, त्यांच्यातून मधूनमधून निळं पाणी, उजवीकडे कोलंबीची तळी. तळ्यांवर पाणी घुसळणारी चक्रं दिवसभर फटफट करत होती. “तीन वर्षांमागें हें अस्कें भाताचें शेत होतें,” राव सांगत; अस्कें म्हणजे सगळं. “अत्तां कोळंबी जपानास जाते.” विचारलं की उत्तर देत, फाटा आला की हात करत. वाटाड्या म्हणून त्यांच्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

आणि प्रत्येक मुक्कामाला काकूंचा विषय निघे. नागपट्टणमला इंदूताईंनी खानावळीत एक पान जास्त मांडून घेतलं होतं. काकू आल्या नाहीत. वेदारण्यमला पुन्हा मांडलं. “आज शुक्रवार,” राव म्हणाले, “देवळास गेल्याविण निघणार नाहीं.” कुणी न विचारता हेही सांगितलं, की तिला बशींत खिडकी लागते, नाहीतर मळमळतें. बोलून झाल्यावर ते स्वतःच चपापले. मिठागरांच्या कडेनं सायकल चालवताना मागून बसचा हॉर्न ऐकू आला. राव बाजूला झाले, आणि बस पुढे जाताना त्यांनी खिडक्या पाहिल्या. एकूण एक खिडकी पाहिली. हे आपण काय करतो आहोत, असं त्यांना वाटलं खरं. पुढच्या बसलाही पाहिलं.

तिसऱ्या दिवशी कोडियाकरै आलं. इथं जमीन संपते आणि रस्ताही. उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उभे होते, हजारांनी. सांगलीकरांना ओरडायचंही सुचलं नाही. दुपारी जेवताना इंदूताईंनी जाहीर केलं, “आमचं ठरलंय. रामेश्वर एक दिवस उशिरा. काकूंना भेटल्याशिवाय आम्ही हलणार नाही.”

रावांनी हातातला घास पानात परत ठेवला. पाच माणसं आपल्यापायी एक दिवस खोळंबणार, तेही कशासाठी! आता सांगायलाच हवं होतं. चहानंतर सांगू, असं ठरवलं. चहा झाला. दीपगृह पाहून आल्यावर सांगू. दीपगृह पाहून झालं. दर वेळी शब्द ओठांपर्यंत येई आणि राव दुसरंच काहीतरी बोलत, वाऱ्याचं नाहीतर वाटेचं. लाज वाटत होती का? तीही धड वाटत नव्हती. फक्त एवढंच कळत होतं, की सांगितलं की ही बस यायची थांबणार.

पाचच्या बसला सगळे थांब्यावर जाऊन उभे राहिले. इंदूताईंच्या हातात मुल्लैचा, म्हणजे जुईचा, गजरा होता. बस आली, धूळ बसली. दोन कोळी उतरले, मग एक म्हातारा, मग एक शाळामास्तर. आणि शेवटी, दांडा धरून जपून, एक बाई. पन्नाशीची, सावळी, पिवळसर साडी, काखेत कापडी पिशवी.

“काकू!” इंदूताई धावल्याच. त्यांनी गजरा बाईच्या हातात कोंबला.

बाई कोळीण होती. “कोण गं बाई तू?” असं तमिळमध्ये विचारून ती हसायला लागली. इंदूताईंना एक अक्षर कळेना. त्यांनी मदतीसाठी मागं पाहिलं, तर राव त्यांच्या अगदी पाठीशी आले होते. सायकल टाकून, मध्ये कुणाला तरी धक्का देऊन, दहा पावलं चालून आले होते. आपण कधी चाललो, हे त्यांना आठवत नव्हतं.

“तुम्ही माझी बायको आहांत असं ह्यांना वाटलं,” ते तमिळमध्ये बाईला म्हणाले.

“मग तुमच्या घरच्या बाई कुठायत?”

“तवरिट्टांग.”

बाईचं हसू जागच्या जागी गेलं. “अय्यो,” म्हणाली ती, आणि पिशवी खाली टाकून तिनं रावांचं मनगट घट्ट धरलं. त्या घामेजल्या, खरबरीत हाताची पकड रावांना कळली. दुखली.

इंदूताई एकदा तिच्या तोंडाकडे बघत होत्या, एकदा यांच्या. “काय झालं? काय म्हणाल्या त्या? काकूंना काही—”

राव त्यांच्याकडे वळले. हा शब्द त्यांनी आयुष्यात कुणा माणसासाठी वापरला नव्हता. ऐकायलाही त्यांना तो ओबडधोबड वाटायचा, गुराढोरांचा.

“ती मेली,” ते म्हणाले. “दिवाळी होऊन आठवे दिवशीं. मेली ती.”

इंदूताईंना समजायला थोडा वेळ लागला. मग तीन दिवसांतला एकेक प्रश्न, एकेक थट्टा, मांडलेलं एकेक पान त्यांच्या तोंडावर येऊन गेलं. त्यांनी हात जोडले. “काका, आम्हाला माफ करा हो. कळलंच नाही आम्हाला. आम्ही आपले येड्यासारखे जिथंतिथं काकूंची वाट पाहत बसलो—”

“मीही,” राव म्हणाले. कोळिणीनं मनगट सोडलं नव्हतं, म्हणून ते उभे तरी होते. “तुम्हांस ठाऊक नव्हतें, ताई. मज ठाऊक होतें. तरी मी प्रत्येक बशींत पाहत होतों.”

आणि ते रडायला लागले.