लागू नाही

अरे ऐका ना, मधे कोणी बोलू नका, नाहीतर माझा धागा तुटेल. मंगळवारची गोष्ट आहे.

मी हॉस्पिटलच्या रिसर्चच्या खोलीत बसते हे माहितीये ना तुम्हाला? खोली कसली, दोन कपाटं, एक खोकणारा प्रिंटर, आणि त्यात कोंबलेल्या मी आणि मोठ्या मॅडम. मॅडम म्हणजे मेंदूच्या डॉक्टर. त्या मला भिंगरी म्हणतात, कारण माझी खुर्ची काही एका जागी राहत नाही. आमचा अभ्यास होता फिट येणाऱ्या पेशंटांचा. आपल्या आजाराबद्दल, आपल्या गोळ्यांबद्दल त्यांना कितपत माहितीये, असा. एकशेवीस फॉर्म, आणि एकूणएक पेशंट गोळ्या चालू असलेले. फॉर्म त्यांनी स्वतः भरलेले. त्यावर नाव नाही, नुसता नंबर, वय आणि काम. नावं, फोन वेगळ्या वहीत, वही कपाटात, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. संशोधनात कोण कोण ते उघड करायचं नाही म्हणजे नाही.

पाच वाजेपर्यंत लेख पाठवायचा होता. माझं नाव पहिल्यांदा छापून येणार होतं, तिसऱ्या नंबरला का होईना! मी सकाळपासून नुसती उडत होते.

जेवायलाच तीन वाजले, आणि तेवढ्यात आत्याचा फोन. गुडघा, गुडघा आणि गुडघा. मी एका हातानं टाइप करतेय, नुसतं हं हं चाललंय. आणि आत्या म्हणते, "त्या डॉक्टरचं औषध मला लागूच नाही गं बाई."

माझा हात थांबला.

कारण आमच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'गोळ्या'. समोर तीन चौकोन: नियमित, अनियमित, लागू नाही. तो 'लागू नाही' छापील नमुन्यातूनच आला होता, प्रत्येक प्रश्नाला शेपटासारखा. सात जणांनी त्यावर खूण केली होती. आणि मी शहाणीनं काय केलं? ज्यांना प्रश्नच लागू नाही ते कशाला मोजायचे, म्हणून सातही उडवले! पण सगळ्यांना गोळ्या चालू होत्या ना रे! मग प्रश्न लागू नाही असा कोण असणार त्यात? त्यांना म्हणायचं होतं, गोळी लागू पडत नाही. गोळी घेऊनही फिट येतायत!

आत्याला म्हटलं, "तू माझी देवी आहेस," आणि फोन ठेवला. सात फॉर्म उपसून काढले. शिक्षिका, शिंपी, घरीच असतात, घरीच असतात... आणि अठ्ठ्याऐंशी नंबर. वय चौतीस. काम, इमारतींना बाहेरून रंग देणे.

खुर्ची फिरवली ती थेट मॅडमसमोर. त्या लेखाची शेवटची ओळ वाचत होत्या.

"मॅडम, वही उघडायची."

"काहीतरीच काय! साडेतीन वाजलेत. लेखातला तक्ता पूर्ण कर आधी."

"मॅडम, हा माणूस वर चढतो."

मी फॉर्म त्यांच्या नाकासमोर धरला आणि आत्या, गुडघा, शेपूट, सगळं एका दमात ओकून टाकलं. मॅडमनी पर्स टेबलावर उलटी केली, किल्ली काढली. "पेशंटच्या जिवावर बेतत असेल तर वही उघडायची असते, भिंगरे. त्याच नियमांत लिहिलंय. लाव फोन."

फोन लागला. पलीकडे सूं सूं वारा.

"कोण बोलतंय?"

"हॉस्पिटलमधून. तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"कामावर. चौथा मजला."

"आत की बाहेर?"

"ताई, बाहेरची भिंत आतून कशी रंगवणार? परांचीवर आहे."

"दादा, तुम्ही फॉर्मवर लागू नाही अशी खूण केलीत..."

"केली की. दोन महिने एक गोळी चुकवली नाही, तरी आठवड्याला एक फिट येतेच. म्हणूनच केली. म्हटलं, वाचतील आणि बोलावतील. तीन आठवडे झाले."

मी वाचलं होतं हो. वाचूनच उडवलं होतं. मी मॅडमकडे बघून बोट वर केलं. मॅडमनी फोन ओढून घेतला, स्पीकरवर टाकला. "मी डॉक्टर बोलतेय. शेजारी कोणी आहे? त्याला सोबत घ्या. फोन बंद न करता खिशात टाका, दोन्ही हातांनी धरा आणि खाली उतरा. सावकाश."

मग नुसता आवाज. ठण. ठण. धाप. ठण. मॅडम टेबलाची कड धरून उभ्या, मी नखं खातेय. आणि मधेच सगळं बंद. ठण नाही, काही नाही.

"अहो?" मॅडम म्हणाल्या. "अहो, ऐकताय ना?"

काही नाही. माझ्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं, सांगवत नाही.

मग लांबून आवाज आला, "अरे, माझा डबा घेऊन ये रे वरून!" आणि परत ठण, ठण.

मी हसले की रडले, मला विचारू नका.

मॅडमनी लगेच बोलावून घेतलं, अर्ध्या तासात तो आमच्या खोलीत. केसांत पिवळा रंग, कोपरावर जुनी खपली. मॅडमनी सगळं विचारलं, गोळी बदलून दिली, एक तपासणी लिहिली, आणि म्हणाल्या, "मी सांगेपर्यंत वर चढायचं नाही."

"मुकादमाला कळलं तर तो मला ठेवणारच नाही."

"मी नाही कळवणार. पण चढायचं नाही."

तो हातावरचा रंग खरवडत बसला. मग आमच्यासमोरच फोन लावला. "साहेब, मी. मला फिट येतात. हो, आधीपासून. खालचं काही असेल तर द्या, घासकाम, पुट्टी, काहीपण." पलीकडचं आम्हाला ऐकू आलं नाही. तो "बरं" म्हणाला, आणखी एकदा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"उद्या सांगतो म्हणाला." मग त्याची नजर माझ्या टेबलावर गेली. "अशी खूण करणारे अजून किती आहेत, ताई?"

"सहा. पण कोण ते नाही सांगता येत."

"नका सांगू," तो उठत म्हणाला. "पण फोन लावा."

पाच वाजून गेले होते. मॅडमनी लेख बंद केला आणि वही माझ्याकडे सरकवली.