नऊ घरांचा राहू

तिसगावच्या बाजारादिवशी छगन महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर भलामोठा टीव्ही, त्यावर भगवं कापड आणि कापडाला मधोमध पाडलेली चौकोनी खिडकी. खिडकीत नऊ घरं, काही लाल, काही निळी. हे नवग्रहांचं यंत्र, असं महाराज सांगत. "खालचं उजवं घर, शनीचं," ते पुटपुटत आणि क्षणात पांढरा गोळा भिरभिरत येऊन नेमका तिथंच आदळे. दोरीमागे दहा हातांवर बसवलेली माणसं भराभर हात जोडत.

लंकाबाईने नातीचं मनगट घट्ट धरलं होतं. मुलगा-सून ऊसतोडीला कोपरगावकडे गेलेले. चौदा वर्षांच्या ज्योतीची जबाबदारी तिच्या एकटीवर. पोरीला फिट यायची. दवाखान्याच्या गोळ्यांनी दीड वर्षात एकही आली नव्हती, तरी म्हातारीचा जीव सदा टांगणीला.

महाराजांनी ज्योतीच्या हातात एक काळं, बटणांचं यंत्र ठेवलं. खिडकीत नवी नऊ घरं उमटली, मधलं लालभडक. गोळा तिथं आदळला तसं हातातलं यंत्र थरथरलं. ज्योती किंचाळली.

"राहू मस्तकात बसलाय," महाराज म्हणाले. "गोळ्यांनी त्यो चिडतो. एकवीस दिवस गोळी देऊ नका, न्हाईतर पोरगी हाती लागायची न्हाई."

लंकाबाईने डबी फडताळात वर, हात पोचणार नाही अशी टाकली. चुलीपाशी, ओढ्यावर, जिथं जाईल तिथं तिला ते लाल घर दिसत राहिलं.

तिसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेलाच ज्योती कोसळली. खेळाचे शिक्षक बिभीषण सर धावले, तिला कुशीवर वळवलं आणि दवाखान्यात नेलं. गोळ्या एकाएकी बंद केल्यामुळे हे झालं, डॉक्टर स्पष्ट म्हणाले. लंकाबाईने रडत रडत सगळं सांगितलं. नऊ घरं, लाल-निळी, असं ऐकताच सरांनी मान वर केली. ते मुलींना बेसबॉल शिकवत. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाईला बरोबर घेऊन थेट महाराजांचा मांडव गाठला.

सरांनी दोरी ओलांडली तेव्हा लंकाबाई अलीकडेच थांबली. "सर, शाप लागंल," ती म्हणाली. सरांनी भगवं कापड ओढलं. आत हिरवं मैदान, चेंडू टाकणारा एक आणि बॅट उगारलेला दुसरा. मोबाईलवर मुलं खेळतात तसाच खेळ, बेसबॉलचा, फक्त मोठा.

महाराज ओरडायला लागले. सरांनी आवाज न चढवता लोकांना पुढे बोलावलं. चेंडू सुटण्याआधी एका घरात बारीक कडं चमकून जात होतं. चेंडू कुठं टाकायचा हे खेळानेच ठरवलेलं असतं आणि नवशिक्याला मदत म्हणून तो आधी खूण करतो. टीव्हीला खेटून बसलेल्या महाराजांना ती दिसे, लांबच्यांना नाही. सरांनी ती मदत बंद केली आणि पुढचा चेंडू कुठं येईल ते महाराजांना सांगायला लावलं. ते वर म्हणाले, चेंडू खाली आला. डावीकडे म्हणाले, उजवीकडे गेला.

मग सरांनी फलंदाज बदलला. लाल घर मधून उठून कोपऱ्यात गेलं.

"लाल म्हणजे या फलंदाजाचा हात चांगला बसतो ती जागा," ते म्हणाले. "निळं, जिथं तो चुकतो ती. मागचे चेंडू मोजून काढलेला अंदाज आहे. आणि यंत्र थरथरतं ते आतल्या मोटारीमुळे."

लंकाबाईने ते थरथरणारं यंत्र भीतभीत हातात घेतलं. "मंग माज्या ज्योतीचं त्यात काय लिवलंय?"

"काही नाही, मावशी. ज्योती नावाची मुलगी आहे हेच या खेळाला माहीत नाही."

लंकाबाईने यंत्र खाली ठेवलं. संध्याकाळी घरी आलेल्या ज्योतीसाठी डबी खाली काढतानाही तिला ते लाल घर दिसलं, पण तिने गोळी दिली. भीती अशी एका दिवसात जात नाही, आणि घाबरण्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. लेकराच्या दुखण्याने कोण घाबरत नाही? फक्त त्या भीतीत कुणी औषध थांबवायला सांगितलं, तर आधी डॉक्टरला विचारा, आणि सांगणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारा की त्याला हे कसं कळलं.