चेहऱ्यावर मोड नको

“कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, बाळ. आपलं कुणीतरी समोर उभं आहे असं समजायचं आणि त्याच्याकडे बघायचं.”

फोटोकाकांचं हे वाक्य ठरलेलं. कॉलेजच्या जाहिरातीसाठी आजवर जितक्या मुलामुलींचे फोटो त्यांनी काढले, त्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं. बहुतेक मुलं तसं समजायला जातात आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा होतो. त्या मुलीला मात्र काही समजावं लागलं नाही. तिची आई खरोखरच काकांच्या पाठीमागे उभी होती.

मी कॉलेजच्या प्रसिद्धी विभागात काम करते. जाहिरातीतली वाक्यं माझी, चेहरे साहेबांच्या पसंतीचे. त्या वर्षी विज्ञान शाखेला मुलं मिळत नव्हती, म्हणून फोटो प्रयोगशाळेत काढायचा ठरला. विज्ञानाच्या मुली परीक्षेला बसलेल्या. साहेबांनी व्हरांड्यातून जाणारी एक मुलगी हाक मारून थांबवली.

“सर, मी इतिहासाची आहे,” ती म्हणाली.

“फोटोत विषय दिसत नाही,” साहेब म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या मामांचा पांढरा कोट तिला दिला, तर त्यात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. तिने तिथूनच घरी फोन लावला. “आई, टाचण्या घेऊन ये गं. मला अर्ध्या तासापुरतं शास्त्रज्ञ व्हायचंय.”

घर कॉलेजच्या मागच्या गल्लीत. आई शिवणकाम करायची. ती मशीनवरून उठली ती तशीच आली, गळ्यात टेप, केसांवर धाग्यांचे तुकडे. टाचण्या ओठांत धरून तिने कोट मागून असा टाचला की पुढून बघणाऱ्याला वाटावं, मापाचाच शिवलाय. मग ती काकांच्या मागे जाऊन उभी राहिली.

“कशी दिसते?” लेकीने विचारलं.

उरलेल्या टाचण्या अजून ओठांतच होत्या. आईला बोलता येईना. तिने नुसत्या भुवया उंचावल्या आणि डोळे एवढाले केले. लेक खुदकन हसली आणि काकांनी तेवढ्यात बटण दाबलं.

तो फोटो चौकातल्या मोठ्या फलकावर लागला. हातात काचेची नळी, पण लक्ष नळीत नाही, आपल्याकडे. खाली माझी ओळ : ‘तुमचा उद्या इथे सुरू होतो.’ त्यानंतर ऑफिसातल्या फोनला उसंत मिळाली नाही. “ती हसणारी मुलगी आहे ना, तेच कॉलेज का हे?” असं आईबाप विचारायचे. आमच्यात तिचं नावच हसरी पडलं. येता-जाता ती दारातून डोकावायची. “काय, आज किती शास्त्रज्ञ आले माझ्यामुळे?” विचारायची आणि उत्तराला न थांबता निघून जायची.

पुढच्या थंडीत हसरी गेली. साधा ताप म्हणता म्हणता तो मेंदूपर्यंत पोचला. दवाखान्यात नेलं तेव्हा ती आईलाही ओळखत नव्हती.

फलकाचं काय करायचं, हे विचारायला मी साहेबांकडे गेले. त्यांनी हातातली फाइल मिटली. वाईट माणूस नाही तो. “फार वाईट झालं,” म्हणाले. “पण दोन-चार महिन्यांत प्रवेश सुरू होतील, मॅडम. आत्ता उतरवला तर लोक विचारणार, का उतरवला. राहू दे.”

म्हणून तो राहिला. मी रोज त्याच चौकातून चालत कामाला जाते. तिथे वर बघायचं नाही, अशी मी स्वतःला सवय लावून घेतली होती. खाली बघत चालले, म्हणूनच एका सकाळी मला चपलांच्या दुकानाच्या पायरीवर उभी असलेली तिची आई दिसली. एक हात खांबाला, मान वर.

मी थांबले. तिने मला ओळखलं. इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

“या पायरीवर या, ताई. खाली उभं राहिलं तर ती त्या बँकेकडे बघते. इथून माझ्याकडे बघते.”

मी पायरी चढले. खरंच होतं. नजर अगदी इथेच येऊन टेकत होती.

“रोज येतात,” दुकानदार आतून म्हणाला. “स्टूल देतो, तर बसत नाहीत.”

“बसलं की नजर चुकते, भाऊ.”

“बसू नका मग. गिऱ्हाईक काय, बाजूने जाईल.”

मी हळूच विचारलं, “आम्ही हा उतरवला नाही, याचा राग आला असेल तुम्हाला.”

“आला ना. म्हटलं, माझी लेक गेली तरी हे तिला कामाला जुंपतायत.” तिने पदराने खांबावरची धूळ पुसली. “मग ही पायरी सापडली. आता उतरवतील याचीच भीती वाटते.”

मी वर बघत राहिले. तीच पुढे म्हणाली, “उतरवल्यावर याचं काय करतात?”

मला माहीत होतं. कंत्राटदार फ्लेक्सचं कापड चाकूने सपासप कापतो आणि तुकडे विकतो. कुणी लाकडं झाकतं, कुणी टेंपो.

“नका सांगू. मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “आमच्या शेजाऱ्याचं छप्पर गळतं, तर त्याने निवडणुकीतले एक पुढारी वर अंथरलेत. हात जोडलेले. पोटावर चार विटा.” ती हसली आणि मीही हसले. मग तिचा चेहरा एकदम उतरला. “हिच्यावर विटा नकोत, ताई.”

“नाही.”

“मला आधी सांगाल? घडी मी घालीन. चेहऱ्यावर मोड पडू न देता घालीन, मला येतं ते. चेहरा वर ठेवीन. तुमची इमारत, फोन नंबर, सगळं आत दुमडून जाईल.”

“सांगेन,” मी म्हटलं. “उतरेल तेव्हा तुम्ही तिथे असाल.”

मी सहसा कुणाला शब्द देत नाही. रोजचा जपाचा नेम चालवणाऱ्या माणसाला एक कळतं : घेतलेलं मध्येच खाली ठेवता येत नाही. त्या दिवशी मात्र विचार न करता दिला गेला.

काल दुपारी साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. कुठल्या तरी दुसऱ्या कॉलेजच्या माणसाने मोबाइलवर मजकूर फिरवला होता, की ज्या मुलीच्या चेहऱ्यावर हे ‘उद्या’ विकतात, ती मुलगीच आता नाही.

“उद्या सकाळी सहाला फलक उतरवायचा,” साहेब म्हणाले. “रहदारी सुरू व्हायच्या आत.”

“नवा चेहरा कुणाचा घेऊ?” डिझाइन करणाऱ्या बाईंनी विचारलं.

“चेहराच नको. इमारत टाका. इमारतीला काही होत नाही.”

डिझाइनच्या बाईंचं लिहिणं थांबलं. साहेबांनाही आपलं बोलणं ऐकू आलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळले. “मॅडम, घरच्यांना कळवू नका. आई तिथे येऊन रडली आणि कुणी व्हिडिओ काढला, तर आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मग मी कुणाची नोकरी वाचवू शकणार नाही, माझीसुद्धा. कळलं ना?”

“ऐकलं, सर.”

त्यांनी ते होकार म्हणून घेतलं. मी तेवढंच खरं बोलू शकत होते.

संध्याकाळी मी कंत्राटदाराला फोन केला. “कापू नका. दोऱ्या सोडून उतरवा.”

“गाठी गंजल्यात, बाई. कापला की चहा थंड व्हायच्या आत काम होतं.”

“मुलीची आई घडी घालायला येणार आहे.”

“साहेबांना काय सांगू?”

“सहाला उतरवला, असं सांगा. उतरवणारच आहात ना?”

“सोडतो गाठी,” तो म्हणाला. “पण त्यांना वेळेवर आणा. मी तिला अशी रस्त्यावर टाकून ठेवणार नाही.”

हसरीच्या आईला रात्रीच फोन करावा, असं फार वाटत होतं. पण कळलं असतं तर ती रात्रभर त्या पायरीवर जाऊन उभी राहिली असती. झोपते तेवढी झोपू दे, म्हटलं.

आज अंधारातच उठले. अंघोळ करून देवापुढे दिवा लावला. उजाडेपर्यंत बसून जप करायचा, हा माझा नेम लग्नाच्या आधीपासूनचा. आज हात जोडले आणि उठले. राहिलेला जप चालता चालता होईल. कपाटातून धुतलेली मोठी पांढरी चादर काढली. फूटपाथवर आधी ती अंथरायची, मग वरून तिला उतरवून घ्यायची. चेहरा धुळीत टेकायला नको.

सासूबाई जाग्या होत्या. “एवढ्या लवकर? आणि बसली नाहीस ती देवापुढे?”

“दिवा लावलाय, आई. एका बाईंना सोबत करायचीय.”

“कुठवर?”

“चौकापर्यंत.”

त्यांनी चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पुढचं विचारलं नाही. “थंडी आहे,” एवढंच म्हणाल्या. “शाल घे. त्यांच्यासाठीही एक घे.”

दोन्ही शाली चादरीवर ठेवल्या, सगळं छातीशी धरलं आणि कडी वाजणार नाही अशा बेताने दार ओढून घेतलं. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. ओठांतल्या ओठांत राहिलेला जप सुरू केला आणि कॉलेजच्या मागच्या, हसरीच्या गल्लीकडे वळले.