तीन इंचांचा फरक

लोक उंचीबद्दल जितकं खोटं बोलतात तितकं वयाबद्दलही बोलत नसतील. माझा जन्म हाडं मोजण्यात गेला, म्हणून छातीठोकपणे सांगतो. कुठल्याही आईला विचारा, तिचा मुलगा ताडमाडच असतो.

खाणीतल्या पाण्यातून पोलिसांनी काढलेला माणूस मात्र पुरता सापडलाच नव्हता. कवटी नाही, हातपाय नाहीत. हाती लागला तो पाठीचा कणा आणि थोड्या फासळ्या. डीएनएचा प्रयत्न फसला, तेव्हा मणके माझ्या टेबलावर आले. मानेचे नाजूक, पाठीचे मध्यम, कमरेचे चांगले दणकट. एकेक मणका कॅलिपरमध्ये धरून पुढची उंची, मागची उंची, रुंदी घेतली. मधल्या कुजून गेलेल्या चकत्यांचा अंदाज धरला. उत्तर आलं पाच फूट सहा इंच. इंचभर इकडेतिकडे होऊ शकतं, तीन इंच होत नाही.

त्या भागातून एकच माणूस बेपत्ता होता, एक ट्रक मेकॅनिक. त्याची आई आणि बायको माझ्यासमोर बसल्या होत्या.

"पाच फूट नऊ आहे माझा मुलगा," आई म्हणाली. "वाकल्याशिवाय माझ्या दारातून आत येता येत नाही त्याला. हा दुसराच कुणीतरी आहे, साहेब. ज्यांचा असेल त्यांना द्या."

बाई चक्क खुशीत होती. मला तिचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली. उंची जुळली नाही की ही हाडं बेवारस म्हणून पुरली जाणार आणि ही मरेपर्यंत दाराकडे डोळे लावून बसणार. मला दोन्ही नको होतं. पण आकडे ओढूनताणून बसवणं मला जमत नाही.

"बरं, तसं कळवतो," मी म्हणालो.

"थांबा," सून म्हणाली. "ते पाच फूट सहाच होते."

"काहीतरी बरळू नकोस."

"आई, ते बुटात कॉर्कचे तुकडे घालायचे. कामाला बाहेरगावी गेले आणि तीन इंच वाढून आले म्हणून तुम्ही गल्लीभर सांगत सुटला होतात ना, ते हेच. तुमच्याकडे आले की बूट काढायचे नाहीत. तुम्ही किती ओरडायचात! तुम्हाला कळू देऊ नको म्हणून मला शपथ घातली होती. घरी आल्यावर टाचा सोलवटलेल्या असायच्या."

म्हातारी ताडकन उठली.

"लाज नाही वाटत? मेलेल्या माणसाचं माप काढतेस?"

तिचा शब्द आम्ही दोघांनी आधी ऐकला, तिनं मागाहून. सुनेवर उगारलेला हात तसाच राहिला. मग ती खुर्ची चाचपत खाली बसली.

तिनं मला विचारलं, "यातले मानेचे कुठले?"

मी दाखवले. बाहेरच्यांनी हात लावायचा नाही असा नियम आहे. मी ते तिच्यापुढे सरकवले. तिनं ते लहानसे मणके एकेक करून तळहातावर घेतले आणि खालून दुसऱ्या हाताचा आधार दिला.

"फार उशिरा धरली यानं मान," ती सुनेला म्हणाली. "सारखा हात लावून ठेवावा लागायचा."