काकाचा डबा

काकाच्या डब्यात एकशेवीस ग्रॅम उकडलेलं चिकन, फ्लॉवरचे तुरे आणि अर्धं लिंबू होतं. चिकन मीच तोलून दिलं होतं. मी प्रयोगशाळेत नोकरी करते, त्यामुळे घरात तोलायची-मोजायची कामं आपोआप माझ्याकडे येतात.

दहा आठवडे काका असंच जेवत होता. बाबांचं लिव्हर निकामी होत चाललं होतं आणि लिव्हरचा तुकडा द्यायला तपासण्यांत जुळला तो एकटा त्यांचा हा धाकटा भाऊ. पण त्याच्या लिव्हरमध्ये अठरा टक्के चरबी निघाली. तसल्या लिव्हरचा तुकडा काढणं देणाऱ्यालाही धोक्याचं आणि घेणाऱ्यालाही. पाचाच्या आत आणा, मग बोलू, असं डॉक्टर म्हणाले. काका लिफ्ट दुरुस्त करतो. त्या दिवसापासून तो लिफ्ट दुरुस्त करायला जिन्यानं चढून जायला लागला. मागच्या तपासणीत आकडा सातावर आला होता. पुढची तपासणी गुरुवारी होती.

हे बाबा, आई, काका आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. महिन्याभरात बाबांना कारखान्याचे प्रमुख म्हणून नेमायचं चाललं होतं. आजारी माणसाला खुर्ची कोण देतो, असं ते म्हणायचे. डोळ्यांचा पिवळेपणा दिसू नये म्हणून चारचौघांत गॉगल लावायचे.

गुरुवारच्या आधीच्या सुट्टीला त्यांनी, ही नेमणूक ज्यांच्या हातात होती त्या साहेबांना मुद्दाम जेवायला बोलावलं. परसात शेगडी पेटवली. आत्या आली, आतोबा आले, शेजारचे दोघं आले. बाबा हातात चिमटा घेऊन शेगडीपाशी उभे राहिले. जाळीवर मांसाच्या फोडी तडतडत होत्या आणि चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की जाळ उठत होता.

काकानं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून डबा उघडला.

"ढोलराव, हे काय? बाळंतिणीचं पथ्य?" आतोबा म्हणाले.

"उपास मोडतोय की धरतोय, तेच कळत नाहीये," शेजारी म्हणाला.

आत्यानं एक तंगडी त्याच्या नाकासमोरून फिरवली. "घे रे. एका दिवसानं काय आकाश कोसळतंय? लहानपणी ताटातलं पळवायचास, आता नखरे."

काका हसला. फ्लॉवरचा एक तुरा त्यानं बराच वेळ चावला. आत्या थांबेना, तेव्हा डब्यावर झाकण ठेवून म्हणाला, "ताई, पोट भरलंय माझं." दहा आठवड्यांत त्याचं पोट भरलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

साहेबांनाही गंमत वाटायला लागली. त्यांनी बाबांना विचारलं, "तुमच्या भावानं एकदम एवढं मनावर का घेतलंय हो?"

बाबांनी विषय बदलायला हवा होता. पण साहेब हसत होते आणि बाबांना ते हसू टिकवायचं होतं.

"उशिरा सुचलेलं शहाणपण, साहेब," ते म्हणाले. "बायको होती तेव्हा उतरवलं असतं, तर ती राहिली असती. बिचारी अर्ध्या पलंगावर किती दिवस झोपणार?"

साहेब खोकला येईपर्यंत हसले. आतोबांनी मांडीवर थाप मारली. काकी दोन वर्षांपूर्वी निघून गेली, त्यानंतर तिचा विषय आमच्या घरात कुणी काढला नव्हता.

काका उठला. डबा खुर्चीवरच राहिला. त्यानं टेबलावरची एक रिकामी प्लेट घेतली आणि बाबांसमोर धरली.

"दादा, साहेब विचारतायत. सांग ना त्यांना, मी का खात नाही ते."

बाबांनी साहेबांकडे पाहिलं. "हौस. दुसरं काय?"

"बरं. मग फिटली हौस. वाढ."

बाबांचा चिमटा जाळीवर थांबला. भावाला नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी एक फोड उचलून प्लेटमध्ये टाकली.

"शाब्बास," शेजारी म्हणाला.

काकानं ती उभ्याउभ्या खाल्ली आणि प्लेट पुन्हा पुढे केली. "सांगतोस?" त्यानं हळू विचारलं. बाबांनी दुसरी वाढली. मग तिसरी.

"भावोजी, नका ना," आई म्हणाली.

"खाऊ दे की गं वहिनी," आत्या म्हणाली. "किती दिवसांनी माणसासारखा जेवतोय."

"खाऊ दे त्याला," बाबाही म्हणाले.

एका जेवणानं लिव्हरमधली चरबी फारशी हलत नाही. हे मीच काकाला सांगितलं होतं, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. तो प्रत्येक फोडीबरोबर बाबांना पुन्हा एकदा संधी देत होता. खरं तर मीही सांगू शकले असते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी गॉगल माझ्याकडे वळवला आणि मी पाण्याचे ग्लास भरायला लागले. आतोबा टाळ्यांचा ठेका धरून मोजत होते. अकराव्या फोडीनंतर जाळी रिकामी झाली.

काका मोरीपाशी गेला. मी टॉवेल घेऊन मागोमाग गेले. त्यानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले.

"गुरुवारी मी येत नाही," तो म्हणाला. "दवाखान्यात तूच कळव. देणारा नको म्हणाला तर ते कारण विचारत नाहीत. घरच्यांना नुसतं 'तपासणीत बसलं नाही' म्हणून सांगतात."

"काका, बाबा मरतील."

"हो," तो म्हणाला. हात पुसून त्यानं टॉवेलची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

परसात बाबा जाळीवर नवीन फोडी मांडत होते आणि साहेबांना कशा हव्यात, नरम की खरपूस, ते विचारत होते.