तीनशे दहा गाठी

कस्टमच्या मिन साहेबाने अंगरख्याच्या मानेजवळचं 'चीनमध्ये बनलेलं' असं लेबल दोन बोटांत धरलं, जरासं ओढलं, आणि ते सुटून त्याच्या हातात आलं. त्याने दुसरा अंगरखा घेतला. त्याचंही आलं. पाचव्याला तर नुसता झटका दिला तरी लेबल खाली पडलं.

"ग्वोन मालक, हे काय?"

ग्वोनच्या कपाळावर घाम आला. "शिवलंय ना साहेब. इथेच, तुमच्या गोदामात शिवलंय."

"मला शेंड्या लावू नका. माल बाहेर पडला की लेबलं गळणार, आणि चीनचं कापड आपल्या कोरियाचं म्हणून दुप्पट भावात विकणार. हीच युक्ती ना?"

मी बाजूलाच खोक्यावर बसलो होतो. इंचॉन बंदरात कस्टमच्या गोदामात माल उचलता उचलता माझी छत्तीस वर्षं गेली. लोकरीचे कोट, बायकांच्या चोळ्या, पोरांचे मोजे, काय काय माझ्या खांद्यावरून गेलं. पण हा माल वेगळा होता. तागाचे, मढ्याला घालायचे कपडे. तीनशे दहा जोड. अधिक महिन्यात आईबापासाठी असा जोड करून ठेवला की त्यांचं आयुष्य वाढतं, म्हणून लोक त्या महिन्यात तुटून पडतात. आणि महिना संपायला उरले होते बारा दिवस.

"त्याला कशाला बोलता?" मागून आवाज आला. "लेबलं मी शिवलीत."

ही बांग पिल-नाम. पिल-नाम म्हणजे 'आता मुलगाच'. बापाने मोठ्या आशेने नाव ठेवलं, तरी पाठीवर तीन पोरीच झाल्या. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं गावात मढ्याचे कपडे शिवत होती. चीनहून तयार जोड यायला लागले तसं तिच्याकडे कोणी फिरकेना. मग मुलगा शहरात घेऊन आला, आणि आता त्याच चीनच्या जोडांवर लेबल शिवायला ती आमच्या गोदामात यायची. मी एकदा म्हटलं, "आजी, राग नाही येत?" तर म्हणाली, "कापडाने माझं काय वाकडं केलंय? तू तुझी खोकी उचल."

मिन साहेब तिशीतला पोरगा. जरा मऊ आवाजात म्हणाला, "आजी, शेवटी गाठ का नाही मारली?"

तो भर जेवणात पादला असावा, अशी तिने त्याच्याकडे नजर टाकली.

"मढ्याच्या कपड्याला गाठ मारतात का रे? घरात कोणी म्हातारं आहे की नाही तुझ्या? गाठ राहिली की माणूस अडकतो. धड पुढे जात नाही, धड मागे येत नाही."

"माझी आजी गेली तेव्हा आम्ही तयारच आणलं होतं."

"मग उलटून बघायचं होतंस."

पोरग्याने हातातलं लेबल टेबलावर ठेवलं, हाताने सरळ केलं. मग म्हणाला, "आजी, लेबल सहज निघता कामा नये, असा नियम आहे. तुम्ही मुद्दाम नाही केलं, मानतो मी. तीन दिवस देतो. गाठी मारून पक्की शिवा. नाहीतर सगळा माल परत जाईल."

तो गेल्यावर ग्वोन मटकन खालीच बसला. म्हातारी मात्र उभीच. तिचं काय अडलं होतं ते मला ठाऊक होतं. तिचा नवरा दु-सोक चार वर्षं इस्पितळात नळीवर होता, आणि डॉक्टरांनी आता दिवस मोजायला सांगितले होते. दोघांचे जोड तिने तरुणपणीच शिवून ठेवले होते. पण गावात कोणी अचानक गेलं की पेटी उघडून देऊन टाकायची, मग नवा शिवायची. शेवटचा जोड गेला सुनेच्या बापाला. आता तिच्या बोटांनी अख्खा जोड होत नव्हता. ग्वोनने शब्द दिला होता, माल सुटला की त्यातला एक जोड तुझ्या म्हाताऱ्याला.

"मशीनवर मारू," मी म्हटलं.

"मशीन मागेपुढे जाऊन गाठच मारतं, गाढवा."

"मग मी दुसरी बाई आणतो," ग्वोन म्हणाला. "तुमच्या जिवाला घोर नको."

"म्हणजे पाप तिच्या गळ्यात? सुई माझी होती."

आणि बसली शिवायला.

पहिल्या दिवशी प्रत्येक गाठीला मोठ्याने म्हणायची, "माफ कर रे बाबा." पुढे तो जोड बाईला जाईल की बाप्याला, तिला काय माहीत, पण म्हणायची. मी खोकं उचलून पुढे ठेवायचो, ती गाठ मारायची. दुसऱ्या दिवशी नुसते ओठ हलत होते. तिसऱ्या दिवशी ओठही हलेनात. हात सरसर चालले होते, सवय झाली होती. दुपारी एकदम थांबली आणि म्हणाली, "बोंग-चुल, मघापासून मी किती जणांना काहीच बोलले नाही रे?"

मी म्हटलं, "भात खा आधी." तिने खाल्ला नाही.

मिन साहेबाने दहा लेबलं ओढून बघितली. एकही हललं नाही. माल सुटला. ग्वोनने शब्द पाळला, फडक्यात बांधून एक जोड तिच्या हातात दिला.

अधिक महिना संपायच्या आतच म्हातारा गेला.

इस्पितळाच्या खालीच मयताचे हॉल असतात. मयताला आलेल्यांना तिथेच जेवण वाढतात; मी गेलो तेव्हा लोक तिखट रस्सा भुरकत होते, मुलगा दारात उभा होता. शवपेटीत ठेवायच्या आधी म्हातारीने अंगरखा उलगडला. मी खिशातून छोटी कात्री काढली, त्यासाठीच आणली होती.

"आजी, इथे कोणता साहेब बघतोय? काप ती गाठ."

तिने कात्री घेतली. मानेजवळ नेली. मग मला परत दिली.

"तीनशे नऊ जणांना अडकवलंय मी. ह्या एकट्याला कसा सोडू?"

मुलगा ओरडला, "आई, बाबा आहेत ते!"

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याचा हात उचलून हळूच बाहीत घातला.

स्मशानात भट्टीबाहेर खुर्च्या असतात, वर पडद्यावर नावं दिसतात. दु-सोकच्या नावापुढे 'चालू आहे' असं लिहून आलं. मुलगा फोनवर, सून पाणी आणायला गेलेली. पिल-नाम पडद्याकडे बघतही नव्हती. दोन्ही हात मांड्यांखाली घालून, त्यांच्यावर बसली होती, ते कुठे जाऊ नयेत अशी.